तव्यावरचा हात

मंगळवार, संध्याकाळ. नळदुर्ग.

तळहातावरचा फोड पुन्हा बघितला. सुपारीएवढा झालाय. दाबला तरी काहीच जाणवत नाही.

गुडघेदुखीला कंटाळून मी परदेशातून जनुकांचं औषध मागवलं आणि गेल्या महिन्यात स्वतःच टोचून घेतलं. कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, एवढ्याच बळावर. दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचूच द्यायचा नाही, असं ते औषध. गुडघे दुखायचे थांबले. खूश होतो मी.

आज माझी बायको सुनंदा ढाब्यासाठी भाकरी थापत होती. मी शेजारी गप्पा मारत बसलो होतो. काहीतरी करपल्याचा वास आला. म्हटलं, "भाकर जळतीय बघ." तिनं वळून बघितलं आणि माझं मनगट धरून जोरात ओढलं. माझा हात तव्यावर टेकलेला होता. किती वेळ, कुणास ठाऊक. वास माझाच होता.

आत्ता परत दाबून बघितला फोड. नाहीच.

तिनं हात ओढला तेव्हाच मी तिला सगळं सांगून टाकलं. उद्या सोलापूरला डॉक्टरकडं जातो म्हणालो. वाटलं, रडेल, भांडेल. तिनं शांतपणे तापलेला तवा दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. हातात फडकं नव्हतं.

"तुमी टोचून घेताना म्या बघितलं होतं," ती म्हणाली. "माझी कंबर लई दुखायची. फ्रीजमधली दुसरी बाटली म्या घेतली. आता काय बी दुखत न्हाय."

मी तिचे तळहात उघडून बघितले आणि माझ्याच तोंडून किंकाळी निघाली. ती नुसती नवलानं माझ्याकडं बघत राहिली.