वंशावळीत मेलेला भाऊ

प्रिय अ‍ॅम्ब्रोजदादा,

हे तिसरं पत्र. आधीची दोन चुलीत घातली. एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते, खिडकीशी जाते, पुन्हा येते. खाली मेंढ्यांची लोकर कातरणं चाललंय आणि जर्वेस सगळ्यांवर खेकसतोय. फ्लँडर्समध्ये पंधरा वर्षांत तू धाकट्या भावाचा आवाज विसरला असशील. मला ती सोय नाही.

गेल्या मंगळवारी राणीचा वंशावळकार आला होता. खानदानी घराण्यांच्या पिढ्या नोंदवत तो सगळं यॉर्कशायर फिरतोय. जर्वेसनं ठोकून दिलं, "आमचे मूळपुरुष नॉर्मन राजाबरोबर समुद्र ओलांडून आले." आजोबा लोकरीची गाठोडी पाठीवर वाहायचे, ते आठवून मला हसू आवरेना.

मग वंशावळकारानं विचारलं, "भावंडं किती?"

"मी आणि ही बहीण. थोरला अ‍ॅम्ब्रोज नऊ वर्षांचा असताना तापानं गेला."

वंशावळकारानं आईकडे पाहिलं. तिला हल्ली ऐकू येत नाही. ती नुसती हसली. तो माझ्याकडे वळला. "बाईसाहेब, खरं ना?"

दादा, मी हो म्हणाले. राणीविरुद्धच्या बंडात तुझं नाव आलं तेव्हा घरात शिपाई घुसले होते, ती धास्ती अजून आहे, असं स्वतःला समजावते. पण तसं नाही. मी जर्वेसच्या जिवावर राहते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडातून हो निघून गेलं.

वंशावळकार गेल्यावर आईनं विचारलं, "काय गं लिहून नेलं त्यानं?" मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ती म्हणाली, "नऊ वर्षांचा? घोड्यावर बसून गेला तेव्हा दाढी होती त्याला." तेव्हापासून माझ्या हातचं ती खात नाही.

आता खरं काय ते लिहिते. राणीनं तुला माफी दिली आहे. गेल्या वर्षी ईस्टरच्या सुमारास कागद आला. जर्वेस म्हणाला, "मी कळवतो त्याला." त्यानं कळवलं नाही, मी विचारलं नाही. तू आलास तर घर, जमीन थोरल्याची, म्हणून तुला मारायची ही घाई. वंशावळकार सप्टेंबरअखेरच्या संत मायकेलच्या सणापर्यंत यॉर्कमध्ये आहे, मग वही घेऊन लंडनला जाईल. त्याआधी ये. मी खोटं बोलले, हे तुझ्याशेजारी उभी राहून त्याला सांगेन. नंतर मला या घरात थारा नसेल, ते मी धरून चालले आहे. आईची नजर अजून शाबूत आहे. लवकर निघ.

अपराधी, तरी तुझीच,
सिसिली