पडद्यावरची नीलू

३ जानेवारी १९७२, सोमवार
श्रीदत्त प्रसन्न. श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्यावर ह्यांची टाइमकीपर म्हणून नेमणूक झाली आणि आज क्वार्टरमध्ये बिऱ्हाड लागलं. दोन खोल्या, दारात नळ, मोरीला दोन पायऱ्या. सासूबाईंना देवाची जागा पसंत पडली नाही. चार वर्षांच्या नीलूला मात्र अंगण फार आवडलं. ह्यांच्या जुन्या डायरीत कोरी पानं बरीच आहेत, ती वाया कशाला घालवा, म्हणून लिहीत आहे.

६ जानेवारी, गुरुवार
दुपारी उपासाचं खाऊन शेजारच्या झुंबरबाईंबरोबर क्लबात गेले. मशिनरी बसवायला आलेला जर्मन साहेब एक जुना सिनेमा मागे ठेवून गेला आहे. पाच रिळं. बायका दर गुरुवारी एक बघतात, संपली की पुन्हा पहिल्यापासून. भाषा कुणालाच कळत नाही, म्हणून कॉलनीत सगळ्यांत नवी आलेली बाई पुढं बसून मनानं गोष्ट सांगते. अशी रीतच आहे.
सगळा सिनेमा एका घरातला. टेबलावरून उठून दारापर्यंत जायला त्या माणसांना वरण शिजेल इतका वेळ लागतो, आणि बोलण्याआधी नाटकातल्यासारखा कपाळाला हात. एक म्हातारी, एक सून, एक मुलगी. नावं सुचेनात. मी म्हातारीला आमच्या सासूबाईंचं नाव दिलं, गोजरबाई, आणि मुलीला नीलू म्हटलं. बायका पोट धरून हसल्या. दिलेलं नाव पाचही रिळं बदलायचं नाही, म्हणाल्या.

१३ जानेवारी, गुरुवार
म्हातारी जिन्यावर थबकली ती थबकलीच. झुंबरबाई ओरडल्या, "पाड की गं तिला! लई वेळ झाला!" मी पाडली. उजवा पाय मोडला म्हणून सांगितलं. टाळ्या.
घरी आले तर सासूबाई मोरीच्या पायरीवरून घसरलेल्या. उजवाच पाय.

२१ जानेवारी, शुक्रवार
काल सकाळपासून अंथरुणातून सासूबाईंचं चालू होतं. माझ्या हाताला चव नाही, पोटी मुलगा नाही. पडद्यावर म्हातारी पडल्या पडल्या ओठ हलवत होती. मागचा योगायोग होता का, ते बघावं असं वाटलं.
खोटं कशाला लिहू? नुसतं बघायचं नव्हतं. तिची वाचा गेली, असं मी सांगितलं.
आता त्या तोंडाकडे बोट दाखवतात आणि आसवं गाळतात. घरात शांतता आहे. काल मला छान झोप लागली. देवा, क्षमा कर.

२७ जानेवारी, गुरुवार
जाणार नव्हते. पण मी नसले तर दुसरी कुणी सांगेल, आणि नावं तर तीच. नीलूला सकाळपासून ताप होता. पडद्यावरही मुलगी तापलेली. ताप उतरला, नीलू उठून दूध प्यायली, असं मी ओरडूनच सांगितलं. बायका रुसल्या. झुंबरबाई म्हणाल्या, "रडं न्हाई तर पिक्चर कसला? मागच्या बाईनं लई रडावलं हुतं, सोताबी रडत गेली हितनं."
घरी नीलू पेला घेऊन बसली होती, ओठांवर दुधाची मिशी.
शेवटच्या रिळात सासूबाईंना बोलतं करीन. चालतं करीन. सगळं निस्तरेन.

३ फेब्रुवारी, गुरुवार
माझ्या खुर्चीवर दुसरीच बाई. विजयमाला. काल सोनईहून आली. आता सगळ्यांत नवी ती —
मी विनवलं. झुंबरबाईंनी हाताला धरून मागं बसवलं, रीत म्हणजे रीत.
पडद्यावर खाट. पांढरी चादर. सून कपाळाला हात लावून उभी, किती वेळ उभी. विजयमाला सगळ्यांकडे बघून लाजत हसली. नवी आहे, सगळ्यांना आवडायचं आहे तिला. मीही अशीच —
तिनं विचारलं, मुलीचं नाव काय ठेवलंय? दहा जणींनी सांगितलं.
ती काय म्हणाली ते ऐकायला थांबले नाही. पळत असताना मागं हुंदके ऐकू आले. मग टाळ्या.

दार उघडं. सासूबाई सरपटत उंबऱ्यापर्यंत आल्यात. आतल्या खोलीकडे बोट. तोंड उघडं, आवाज नाही. तो मीच —
आत गेलेले नाही. लिहिते आहे तोवर जायला नको. नीलूला हाक मारली. दोनदा.
इथून खाटेचा पायथा दिसतो. चादर टोकापर्यंत ओढलेली. आमच्याकडे पांढरी चादर नाहीच, मी कधी घेतलीच ना