'हिरा' अक्षरांची निरवानिरव

मी, सुदर्शन यशवंत निजामपूरकर, वय ५८, व्यवसाय अक्षरं काढणे, राहणार शुक्रवार पेठ, मंडईमागे, पुणे, पूर्ण शुद्धीवर आहे आणि मला कोणी भरीस घातलेलं नाही. येत्या मंगळवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर 'किरकोळ' म्हणतात. किरकोळ कामाला ते इतक्या सह्या घेत नाहीत, म्हणून हे लिहून ठेवतो.

१. राहती जागा आणि बँकेतली ठेव पत्नी हेमा हिची. यावर चर्चा नको.

२. 'हिरा' वळणाची मूळ अक्षरं, एकूण दोनशे चौदा कागद, मुलगी तनया हिला. माझ्या आईच्या नावाचं हे वळण मी कुठल्याही शाळेत न जाता, लग्नपत्रिकांच्या छापखान्यात कागद कापता कापता घडवलं. दांडा अंगठ्याएवढा जाड, जोडणारी रेघ केसासारखी, टोकाला नखाएवढी टाच. एके काळी पेठेतल्या निम्म्या वधूवरांची नावं याच अक्षरांत छापली जायची. बायका आधी नावांवरून बोट फिरवायच्या, मग मुहूर्त वाचायच्या. आता पत्रिका फोनवर येते. बोट फिरवलं की निघून जाते.

३. वापराच्या अटी. माणसांची नावं, अत्तराची बाटली, पैठणीचं दुकान: जरूर. पत्ता, औषधाची चिठ्ठी, अख्खा परिच्छेद: अजिबात नाही. अठरा पॉइंटच्या खाली बारीक रेघ तुटते. माझ्या निधनाच्या सूचनेला साधा टाइप घ्यावा. मेल्यावर नटायची हौस नाही.

४. धाकटा भाऊ श्याम. २०११ साली त्यानं मला न विचारता 'हिरा' एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर घेतलं आणि बारीक रेघा जाड केल्या. मी भर चौकात म्हणालो, "माझ्या अक्षरांना सूज आणलीस!"

"दादा, पलीकडच्या फुटपाथवरून बघ. तुझ्या रेघा दिसतच नाहीत, नुसते खांब उभे."

"ज्याला वाचायचंय तो जवळ येईल."

"सिग्नल सुटल्यावर?"

तेव्हापासून बोलणं बंद.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून रस्त्याच्या पलीकडे गेलो आणि माझ्याच दुकानाची पाटी पाहिली. नुसते खांब. श्यामचं बरोबर होतं. हे लेखी देतो, तोंडी जमणार नाही. तनयानं पाट्यांसाठी जाड रेघांचं 'हिरा' वेगळं करावं, आणि ते काकाच्या हाताखाली बसून करावं.

५. श्यामला मी काहीही ठेवलेलं नाही. हा राग नव्हे. वकीलबाई अस्मिता म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका."

साक्षीदार:
(१) बुद्धभूषण ओव्हाळ, छापखान्यातले जुने सहकारी. कधीही बोलवा, म्हणालेत.
(२) श्याम यशवंत निजामपूरकर. दुसरं कोणी चालणार नाही.

दोघांच्या देखत सही करायची असते, म्हणून माझीही जागा कोरी आहे.

ठिकाण: पुणे
दिनांक: श्याम येईल तो.