भिंतीची खालची बाजू

खाण वसाहत, बिहार
२ फेब्रुवारी १९६९

ती. आबांस,
भटूचा सा. न. वि. वि.

तोताराम सुखरूप पोचला आणि खाणीत ड्रिलवर लागला. इथल्या जेवणाला नावं ठेवतो आणि दोघांचं जेवतो, हे त्याच्या बायकोला, कलाबाईला, अवश्य सांगा.

माझ्याकडे नवं काम आलं आहे. कोळशाच्या थरात वायू कोंडलेला असतो. खणताना तो सुटला आणि ठिणगी पडली, की स्फोट. म्हणून आधी थरात लांब भोकं पाडून, नळ्या बसवून तो पंपाने बाहेर ओढायचा. भोकं कुठे पाडायची ते खडक पाहून मी ठरवायचं. इथला थर उतरता आहे आणि त्याला आडवी छेदत काळ्या दगडाची नैसर्गिक उभी भिंत गेली आहे, थेट आपल्या धुळ्याच्या शिवारासारखी. तुम्ही चाळीस वर्षं अशा भिंती पाहून विहिरी खणल्यात. भिंतीच्या कुठल्या अंगाला तुंबेल, कळवा.

तुमच्या उत्तरावर अडून बसलेला,
भटू

देवपूर, धुळे
९ फेब्रुवारी

चि. भटूस अ. उ. आ.

आठे बठ्ठं बरं शे, इकडची काळजी नको. एवढं कॉलेज शिकलास आणि विचारतोस चौथी पास विहीरवाल्याला! तुझे साहेब हसले तर मीही त्यांच्याबरोबर हसेन.

भिंत म्हणजे बांध. उताराच्या वरच्या अंगाला तुंबतं, खालचं अंग कोरडं. शेजारच्या हिलालने माझं न ऐकता खालच्या अंगाला विहीर घेतली. पन्नास हातांवर धूळच निघाली.

तोतारामला जप. माझ्या हाताखाली तयार झालेला गडी, तू बोलावलंस म्हणून गेला. कलाबाई बोलत नाही, पण रोज पोस्टमनला विचारते.

तुझा,
आबा

खाण वसाहत
२४ फेब्रुवारी

ती. आबांस सा. न. वि. वि.

वरच्या अंगाला सहा भोकं पाडली. वायू नावापुरता. थर निर्धोक म्हणायचा का, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. भिंतीच्या वर नाही तर खाली कुठून असणार, असं म्हणून मी सही केली. ३ मार्चपासून खालच्या अंगाला कोळसा काढतील. तोताराम कां कू करत होता. मीच त्याला समजावलं, की माझी सही आहे, बेधडक जा.

काम फत्ते झालं की सुट्टी काढतो.
भटू

देवपूर
२ मार्च

चि. भटूस अ. उ. आ.

तुझं पत्र काल आलं. सकाळी चुलीचा धूर छपराखाली तुंबलेला पाहिला आणि मनात खुटखुट सुरू झाली. तू वायूचं विचारलंस, मी पाण्याचं सांगितलं. पाणी उताराने खाली येतं, म्हणून भिंतीच्या वर अडतं. तुझा वायू धुरासारखा हलका असेल, तर तो थरातून वर चढेल आणि भिंतीला खालून अडेल. मग वरची भोकं कोरडी लागायचीच. तसं असेल तर खाली कोणालाही पाठवू नकोस.

तार करावी असं वाटलं. पण विहीरवाल्याच्या शंकेपायी साहेबांपुढे तुझी फजिती नको, म्हणून पत्रच टाकतो.
आबा

खाण वसाहत
१४ मार्च

ती. आबांस,

तार मिळाली असेल. स्फोट पाच तारखेला झाला. तुमचं पत्र आठ तारखेला आलं. तोतारामसकट पाच जण गेले.

तोतारामने आत विडी पेटवली, असं चौकशीत लिहायचं घाटत होतं. त्याने विडीला कधी हात लावला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी तुमचं पत्र इंग्रजीत उतरवून चौकशीपुढे ठेवलं. खाली लिहून दिलं, की वायू हलका असतो हे मी पुस्तकात शिकलो होतो. काळी भिंत दिसली आणि मला विहीरच आठवली. चूक माझी. नोकरी राहणार नाही.

विडीचं कलाबाईच्या कानावर गेलं तर ते खोटं आहे, एवढं तिला सांगा.
भटू

देवपूर
२१ मार्च

चि. भटूस अ. उ. आ.

तुझं पत्र कलाबाईला वाचून दाखवलं. तार केली नाही, हे माझंही सांगितलं. ती रडली नाही. तोतारामने कोणाकडून तरी लिहून घेतलेलं शेवटचं कार्ड तिने पुढे केलं. जागा मनाला पटत नाही, असं त्यात होतं. मनाला पटत नव्हती तर त्याला आत पाठवलं कोणी, एवढंच तिने विचारलं.

त्याला बेधडक जा म्हटलंस, ते तुझं चोवीस तारखेचं पत्र माझ्या खिशात होतं. ते तिला मी वाचून दाखवायचं नाही, तू सांगायचं.

तू ये. चाळीसगावला गाडी बदल. मी धुळ्याच्या स्टेशनावर उभा राहीन. घरी जायचं नाही, आधी तिच्या दारी जायचं.

आबा