पाच अक्षरांचा अभ्यास

३ जून
रोजनिशी सुरू. इंग्रजीतून लिहिणार होतो, पण विचार मराठीत येतात. त्यांना कशाला त्रास.
देवगाव रंगारीहून सासऱ्यांचा फोन. काकासाहेब गुरुजी, म्हणजे आमचे मामा, जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस. सासूबाई गेल्यापासून घरात एकटे. वेळ जावा म्हणून आमच्या आशानं वडिलांना मोबाइलवर शब्दांचा खेळ लावून दिला आहे. रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द, ओळखायला सहा संधी, सगळ्यांना तोच शब्द. आता म्हणतात, जावईबापू, तुमीबी खेळा, जोडीला कुणीतरी पायजे, कितव्या संधीत आला तो आकडा रोज फोनवर कळवायचा.
हो म्हणालो. इंग्रजीचा आपल्याला तसा प्रॉब्लेम नाही.

४ जून
आला नाही. शब्दच विचित्र होता. मामांना तिसऱ्या संधीत आला, पण ते रिटायर आहेत.

७ जून
अजून खातं उघडलेलं नाही.
मामा काही बोलत नाहीत, पण मला बघण्याचा कार्यक्रम आठवतो. मुलीच्या बापानं पगार विचारावा, जमीन विचारावी. यांनी माझ्या हातात पोह्यांची बशी दिली आणि 'नेबर'चं स्पेलिंग विचारलं. पोहे गार झाले. लग्न झालं, पण मला ग्रेस मार्कांवर पास केलं असं अजून वाटतं.

१० जून, दुपारी
सापडलं! एक साइट आहे. कोणतीही दोन शेजारची अक्षरं टाका आणि पाच अक्षरी शब्द मागा, सगळे रांगेत हजर. आज जी-एच टाकलं. लाइट, नाइट, फाइट, टाइट. दुसऱ्याच संधीत उडवला.
ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा मुख्तारभाई वाकून बघत होता. म्हणाला, साब, ये तो कॉपी है. मी त्याला समजावलं की कॉपी वेगळी, संदर्भ वेगळा. हा अभ्यास आहे. तो चहाला निघून गेला. त्याला अभ्यासाची सवय नाही.

१९ जून
रोज दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या संधीत. मामा म्हणाले, जावईबापू, मी तुमाला वळखलंच नव्हतं. बावीस वर्षांनी.
आशाला ऐकवलं. तिनं फक्त भुवया वर केल्या.

२ जुलै
मामांना आज शब्द आला नाही. काल पाचव्या संधीत. त्यांनी मला विचारलं, तुमाला इतकं झटकन कसं सुचतं? मी म्हणालो, वाचन. आणि लगेच फोन ठेवला. ऑफिसात काम होतं.

९ जुलै
आशानं जेवताना सांगितलं. मामांनी संध्याकाळची शिकवणी बंद केली. गावातल्या पोरांना ओसरीवर फुकट इंग्रजी शिकवायचे, त्यांना आता येऊ नका म्हणाले. कारण विचारलं तर म्हणे, जावयाला दोन फटक्यात येतं, अन् मी आयुष्यभर शिकवून चाचपडतोय. डोकं चालत नाय आता. पोरांचं नुकसान कशाला.
भाजी चांगली झाली होती. गेली नाही.

१० जुलै
निर्धार. साइट बंद. कायमची.

११ जुलै
फक्त एकदा उघडली, अजून चालू आहे का बघायला. चालू आहे. एस-एच टाकून पाहिलं. उगीच पाहिलं. दुसऱ्या संधीत आला. मामांना आला नाही. मी नीच माणूस आहे. उद्यापासून नाही.

१५ जुलै
आज खरोखर प्रामाणिक. सहाही संधी गेल्या. काल, परवाही तसंच. मामांना मात्र तिन्ही दिवस आलं. आता त्यांना बरं वाटेल, शिकवणी सुरू होईल, कुणाला काही सांगायची गरजच नाही. प्रामाणिकपणाचा हा फायदा लोकांना कळत नाही.

१७ जुलै
मामांनी खेळ बंद केला. आशाला म्हणाले, पाव्हणं मुद्दाम हारायलेत. माझी कीव येती त्यांना. माणूस चांगलाय, पर मला कीव नको.

२१ जुलै
रोज फोन हातात घेतो आणि ठेवतो. सासूबाई गेल्यावर त्या घरात संध्याकाळी तेवढा एक आवाज असायचा, पोरांचा. तो मी बंद केला. स्पेलिंगच्या जुन्या रागापायी.

२४ जुलै
बोललो. मामा, मला इंग्रजी येत नाही, मी साइटवर बघून शब्द टाकत होतो. एका दमात सांगितलं.
मामांचा आवाज भरून आला. म्हणाले, माज्यासाठी सोताला चोर म्हणून घेऊ नका, जावईबापू. असा जावई नशिबानं मिळतो. आणि फोन ठेवला.
आशा दारात उभी राहून ऐकत होती. तिनं मात्र लगेच विश्वास ठेवला.

२५ जुलै
आशा बोलत नाही. फक्त रविवारी देवगावला जायचं आहे एवढं कळवलं.

२८ जुलै, रविवार, देवगाव
आशानं उंबऱ्यातच माझा मोबाइल काढून घेतला. मामांचा माझ्या हातात दिला, मला त्यांच्यासमोर बसवलं आणि म्हणाली, खेळा.
पहिला माउथ टाकला. ओ-यू जागेवर बसले, एच आहे पण जागा चुकली. एवढं समोर दिसत होतं. मी तीन चुकीचे शब्द टाकले. मग चारच अक्षरं लिहून, घेत का नाही म्हणून बटण दाबत राहिलो. मग पुन्हा माउथ टाकला. घाम फुटला. मामा आधी ओशाळून हसत होते, अजून त्यांना नाटकच वाटत होतं. हळूहळू हसणं थांबलं. ते माझ्या बोटांकडे नाही, तोंडाकडे बघायला लागले. शाळेत कच्च्या पोराकडे बघत असतील तसे.
सहावी संधीही गेली. पडद्यावर उत्तर आलं, हाउस.
मामा म्हणाले, म्हंजी माजं डोकं ठीक होतं.
हो म्हणालो. वर बघवेना. महिनाभर या माणसानं स्वतःला संपलेलं समजावं आणि मी रोज त्याला आकडा कळवावा. माफी मागितली, ती नीट जमलीही नाही.
ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. उठले, ओसरीवर जाऊन सतरंजी अंथरली, शेजारच्या आवडाबाईंना हाक मारून सांगितलं की पोरांना उद्यापासून पाठवा. आत आले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले की रोज संध्याकाळी सातला फोन करत जा, पोरांच्या बरोबरच घेतो तुमाला. पाच अक्षरांचं नंतर बघू. आधी तीन अक्षरांपासून सुरू करू.