मानाचा नारळ

रेवदंडा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, १९३१

हिराजी,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. मनापासून देववत न्हाय, तरी घे.

नारळी पुनवेला तुझा सायेब आला. मोठ्या खानदानाचा हाय, वडील भाऊ विलायतेच्या पार्लमेंटात बसतो, मानाचा नारळ त्याच्या हातनं सोडा, असं तूच लिहिलं होतंस. पहिला नारळ किनाऱ्याच्या धन्यानं दर्यात सोडायचा, हा आपल्या कोळीवाड्याचा रिवाज. तरी सायेब पाव्हणा म्हणून, आणि तुझ्या शब्दाखातर, बाबानं आपला मान त्याला दिला. फोटो काढताना बाबाला सायबाच्या मागं, हात जोडून, तूच उभा केलास.

काल तोच फोटो सायबाच्या वकिलानं मामलेदारापुढं ठेवला. म्हणाला, "ह्यांच्याच रिवाजानं किनाऱ्याचे धनी आमचे सायेब." बोंबील वाळवायच्या जागेवर आता त्यांचा बंगला उठणार. त्या घराण्यात थोरले कायदे करतात आणि धाकटे जमिनी धरतात, असं दिसतं.

कचेरीच्या पायरीवर बाबा "हिराजीला यातलं काय ठावं नसणार," हेच म्हणत राहिला. मी हो म्हटलं न्हाय. सायबाला मराठीचं अक्षर कळत न्हाय, मग आपला रिवाज त्याला सांगितला कोणी?

हे पत्र टपालात टाकत न्हाय, घरातच ठेवतो. मुंबईत सायबाला मराठी पत्रं वाचून दाखवायच्या नोकरीवर तूच हायस; हेही त्याला वाचून दाखवशील.

बाबाजवळ राहिलेला,
जोमा