नवसाचे सायप्रिनस

२० जाने.
गुडघा. थंडी. संपादकांना नदीवर 'काहीतरी सकारात्मक' हवंय, म्हणून नागपूरहून खाप्याला. कन्हान नदी आपली पडून होती, माझ्यासारखीच. घाटाजवळ झिंगे धरून विकणारी इंदूबाई भेटली. टोपली रिकामी.
"भाऊ, तुमच्या त्या शेठले सांगा ना. मच्छ्या सोडून सोडून डोहाचा चिखल करून राहिले."
शेठ म्हणजे आपला मोहन. गांधीबागेतला कापडवाला, शाळेपासूनचा सोबती. दर माघी पौर्णिमेला बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन डोहात सोडतो. जीवदान. इंदूबाईनं मला त्याच्यासोबत पाहिलंय, तेव्हा वकालतनामा माझ्याकडे.

२१ जाने.
मत्स्यशास्त्राच्या एका प्राध्यापिकेला फोन. मोहनचे मासे सायप्रिनस. तळाचा चिखल तोंडानं उकरून खातात, गवत मुळासकट निघतं, पाणी गढूळ. भर धारेत फार रमत नाहीत. डोह, थोपलेलं पाणी मिळालं की तिथंच संसार. झिंगे राहतात गवतात. गवत गेलं, झिंगे गेले, मागोमाग इंदूबाईचा धंदा. "एकदा बसले की काढणं कठीण," बाई म्हणाल्या. सरकारी बंगल्यातल्या साहेबांसारखेच.

२५ जाने.
मोहनच्या दुकानात. गादीवर बसायचं म्हणजे परत उठायचं आलं.
"सायप्रिनसच काहून गा? रोहू सोड."
"रोहू टेम्पोतच मरते. नवसाचा जीव रस्त्यात मेला तं काय अर्थ? हा पठ्ठा बादलीतही जगते."
बिनतोड. जो मरत नाही तोच पुण्याला चालतो, आणि तोच डोह खातो.
यंदा टेम्पोभर सोडणार. बायकोच्या, पुष्पावहिनींच्या, ऑपरेशनच्या वेळी नवस बोललाय: घरी परत आली तर. आल्या. इंदूबाईचं सांगितलं, विचार कर म्हटलं.
"केला," म्हणाला. "चहा घे."

१ फेब्रु., माघी पौर्णिमा
सकाळी खापा. भटजी आलेच नाहीत. संस्कृत शिकल्याचा मला आयुष्यात एवढाच उपयोग, संकल्प माझ्या गळ्यात. वहिनी शालीत गुंडाळलेल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच बाहेर. टेम्पोत पिंप, पिंपात धडपड.
डोहाच्या कडेला इंदूबाई जाळं घेऊन उभी.
"सोडा. खाली उतरल्या का धरतो मी."
"बाई, नवसाच्या मच्छ्या हायेत. पाप लागंल," मोहन म्हणाला.
"लागू द्या जी. बिनझिंग्याचं घर चालवून पाहा, मंग पापाचं सांगा."
वहिनी हसल्या. टाके ओढले गेले, पोट धरलं. मग इंदूबाईला, "खरंच नाही राहिले वं झिंगे?"
"इथं कमरेएवढं गवत होतं, ताई. पाहा आता."
पाहण्यासारखं काही नव्हतं. चहाच्या रंगाचं पाणी.
माझा संकल्प गोत्रापर्यंत आला होता. वहिनी मोहनला म्हणाल्या, "अहो, माझ्या नावानं नका सोडू."
मोहन रागावला असता तर सोपं होतं. तो घाबरला. गोत्रावरच थांबलो. पिंपासकट सगळे नागपूरला परत.

४ फेब्रु.
मासे मोहनच्या परसातल्या सिमेंटच्या टाक्यात. एकही मेलेला नाही, अर्थातच. वहिनी कणकेच्या गोळ्या टाकतात. मोहन टाक्याकडे पाठ करून बसतो. "नवस अर्धा ठेवलेला चालते का गा? तुमच्या शास्त्रात काय हाय?" शास्त्रात सगळंच आहे, हीच अडचण. 'चालतं' म्हणालो. माझ्या तोंडचं त्याला पटत नाही. चाळीस वर्षांचा अनुभव.
बातमी दिली. संपादक: "यात सकारात्मक काय?" आतल्या पानावर, तळाला.

९ फेब्रु.
उद्या वहिनींचा रिपोर्ट. मोहनचा दुपारी फोन. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय म्हणे. रिपोर्ट चांगला आला तर नवस फेडायलाच पाहिजे. वाईट आला तर फेडला नाही म्हणूनच आला. दोन्हीकडून रस्ता खाप्यालाच जातो. वहिनींना सांगू नको म्हणाला. मी हो म्हणालो की नाही, नक्की आठवत नाही. थकलोय.
इंदूबाईला कळवावं म्हणून संध्याकाळी फोन लावला. टेम्पोचं सांगायच्या आधीच तिनं विचारलं, "त्या ताईची तब्येत कशी हाय, भाऊ?"
उद्या कळेल, म्हटलं.
"चांगलंच होईन," म्हणाली. आणि टेम्पोचं माझ्या तोंडातच राहिलं.